विंडोजची डिस्क हरवली, की सापडत नाही: मीडिया क्रिएशन टूल, रूफस आणि की वाचणाऱ्या टूल्सचा रिव्ह्यू

विंडोजची डिस्क हरवली म्हणून कुणी हळहळायचं कारण नाही. ती मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळते, बरं नेट असेल तर तासा-दीड तासात पेनड्राइव्हवर तयार होते आणि मूळ डिस्कपेक्षा नवी असते. अडतं ते पंचवीस अक्षरांच्या कीपाशी, म्हणजे विंडोज अस्सल असल्याचं सिद्ध करणाऱ्या प्रॉडक्ट कीपाशी. लॅपटॉप फॉरमॅट मारायला देण्याआधी ती वाचून घेतली नाही, तर काही प्रकारच्या लायसन्समध्ये ती कायमची जाते. वाचून घेतली तरी टूलने दाखवलेली की आपलीच असेल याची खात्री नसते. बहुतेक लोक फसतात ते इथे: टूल एक की दाखवतं, ती वहीत उतरवून घेतली जाते, डिस्क साफ होते आणि मग ती की चालत नाही.

म्हणून इथे आधी की वाचणारी साधनं पाहू, डिस्क नंतर. शोकीप्लस, प्रोड्यूकी, विंडोजमधलं कमांड चालवायचं पॉवरशेल, मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल, त्याच साइटवरची थेट आयएसओ फाइल (सगळी डिस्क एका फाइलमध्ये), ती पेनड्राइव्हवर चढवणारं रूफस आणि लॅपटॉप कंपन्यांची रिकव्हरी टूल्स यांच्याबद्दल हा रिव्ह्यू आहे. सगळी मोफत आहेत.

आधी लायसन्स कुठल्या जातीचं ते बघा

यासाठी काहीही डाउनलोड करावं लागत नाही. विंडोजचं बटण दाबून आर दाबायचं, उघडलेल्या चौकटीत एसएलएमजीआर, मग एक जागा, तिरकी रेघ (/) आणि डीएलआय टाइप करून एंटर. (या लेखातल्या सगळ्या कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.) काही सेकंदांत एक खिडकी येते. तिच्यात डिस्क्रिप्शनच्या ओळीत शेवटी चॅनेलचं, म्हणजे लायसन्स कुठल्या वाटेने आलं त्याचं, नाव असतं आणि खाली कीची शेवटची पाच अक्षरं. या खिडकीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या सगळ्या भानगडीत तोच उपयोगी पडतो.

चॅनेल ‘ओईएम डीएम’ असेल तर निर्धास्त राहा (ओईएम म्हणजे मशीन बनवणाऱ्या कंपनीकडून आलेलं लायसन्स). विंडोज ८ पासून कंपनीतूनच विंडोज टाकून आलेल्या लॅपटॉपची की मदरबोर्डच्या बायॉसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डवरच कायम असलेल्या प्रोग्राममध्ये), एमएसडीएम नावाच्या तक्त्यात लिहिलेली असते. म्हणूनच या लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवर की छापलेली नसते, नुसतं विंडोजचं चिन्ह असतं. हार्ड डिस्क बदला, फॉरमॅट करा, की जागची हलत नाही. नवं विंडोज टाकताना सेटअप ती स्वतःच उचलतो.

‘ओईएम एसएलपी’ दिसलं तर मशीन विंडोज व्हिस्टा किंवा ७ च्या काळातलं, ब्रँडेड आहे. इथली गोष्ट अवघड आहे, तिच्याबद्दल खाली सविस्तर.

‘रिटेल’ याचे दोन अर्थ निघतात. एक तर तुम्ही खोक्यातली किंवा ऑनलाइन की विकत घेतली होती, किंवा विंडोज ७-८ वरून विंडोज १० वर फुकट आलात आणि तुमचं लायसन्स डिजिटल झालं. दुसऱ्या बाबतीत तुमच्या नावाची की अस्तित्वातच नसते. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर तुमच्या मशीनच्या हार्डवेअरची नोंद असते आणि मशीनमध्ये सगळ्यांना सारखी असणारी एक सामान्य की बसवलेली असते. ओळखायची खूण सोपी आहे: प्रो आवृत्तीत शेवटची पाच अक्षरं ३-व्ही-६-६-टी असतील, किंवा होममध्ये ८-एच-व्ही-एक्स-७, तर ती सामान्य की आहे. ती उतरवून घेण्यात अर्थ नाही. त्याऐवजी सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग ॲक्टिव्हेशन उघडून (विंडोज १० मध्ये अपडेट अँड सिक्युरिटीखाली) लायसन्स तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं आहे का ते पाहा, नसेल तर जोडा.

‘व्हॉल्यूम’ दिसलं आणि मशीन ऑफिसचं किंवा कॉलेजचं असेल तर आयटीवाल्यांशी बोला, की त्यांच्याकडे असते. पण घरच्या लॅपटॉपवर, दुकानदाराने विंडोज टाकून दिलेल्या, व्हॉल्यूम आणि केएमएस क्लायंट असे शब्द दिसले, तर ते लायसन्स तुमचं नाही. बहुधा एखाद्या ॲक्टिव्हेटरने, म्हणजे चोरून ॲक्टिव्हेट करणाऱ्या टूलने, ते बसवलंय. अशा लॅपटॉपच्या बायॉसमध्ये मूळ होमची की पुष्कळदा शाबूत असते, म्हणजे पैसे भरून घेतलेलं खरं लायसन्स पडून असतं आणि वर चोरीचं प्रो चालू असतं. ते परत मिळवणं सहज शक्य आहे.

की वाचणारी टूल्स: शोकीप्लस पहिलं

शोकीप्लस हे मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर मिळतं. ते इतरांपेक्षा उजवं ठरतं ते एकाच कारणाने: सध्या बसवलेली की आणि बायॉसमधली मूळ की ते वेगवेगळ्या ओळींत दाखवतं आणि बायॉसमधली की कुठल्या आवृत्तीची आहे तेही सांगतं. भारतात विकल्या जाणाऱ्या कितीतरी लॅपटॉपमध्ये इथे ‘होम सिंगल लँग्वेज’ असं दिसेल. घाबरू नका. ते अस्सलच आहे, फक्त विंडोजच्या मेन्यूंची भाषा एकच ठेवता येते. मराठी टायपिंगला त्याची आडकाठी नाही, कीबोर्ड हवे तितके जोडता येतात. एखादी की हातात असेल तर ती कुठल्या आवृत्तीची आहे हे तपासायची सोयही यात आहे, आणि जुनी कागदपत्रं चाळताना सापडलेल्या कीसाठी ती फार कामाची आहे.

नीरसॉफ्टचं प्रोड्यूकी जुनं, लहानसं, इन्स्टॉल न करता चालणारं. चालू मशीनवर ते शोकीप्लसइतकं स्पष्ट बोलत नाही, पण एका बाबतीत त्याला तोड नाही. लॅपटॉप बंद पडलाय आणि हार्ड डिस्क मात्र ठीक आहे, तर ती काढून यूएसबी केबलने दुसऱ्या मशीनला जोडायची, प्रोड्यूकीच्या फाइल मेन्यूत सिलेक्ट सोर्समध्ये बाहेरच्या डिस्कवरचा विंडोज फोल्डर दाखवायचा, की ते तिथली रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) वाचून की काढून देतं. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, असेल तर आधी ४८ आकड्यांची रिकव्हरी की देऊन ती उघडावी लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. अँटिव्हायरस प्रोड्यूकीला धोकादायक ठरवतात, कारण कीसारखी गुप्त गोष्ट वाचणारं कुठलंही टूल त्यांना संशयास्पद वाटतं. नीरसॉफ्टच्याच साइटवरून घेतलं असेल तर काळजी नको. दुसऱ्या कुठल्या साइटवरून घेतलं असेल तर मात्र अँटिव्हायरसचं ऐका.

टूल नकोच असेल तर पॉवरशेल पुरतं. गेट-सीआयएमइन्स्टन्स, एक जागा, सॉफ्टवेअरलायसन्सिंगसर्व्हिस, मग उभी रेघ, सिलेक्ट आणि ओए३एक्सओरिजिनलप्रॉडक्टकी. उत्तर आलं तर ती बायॉसमधली की. रिकामी ओळ आली तर बायॉसमध्ये की नाही, एवढाच त्याचा अर्थ, मशीन बिघडलेलं नाही. यूट्यूबवर अजून डब्ल्यूएमआयसीने सुरू होणारी जुनी कमांड सांगतात. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ते टूल मुळातच बसवलेलं नसतं, त्यामुळे कमांड ओळखू येत नाही असा संदेश येतो.

आणि हार्ड डिस्कच मेली असेल तर? उबंटू किंवा लिनक्स मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह (डिस्कवर काही न टाकता थेट पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) लावून मशीन सुरू करायचं, टर्मिनलमध्ये सुडो स्ट्रिंग्ज लिहून पुढे एमएसडीएम फाइलचा पत्ता द्यायचा: मुळापासून सिस, फर्मवेअर, एसीपीआय, टेबल्स, एमएसडीएम, प्रत्येक नावाआधी तिरकी रेघ, आणि यातलं शेवटचं नाव मोठ्या लिपीत. की पडद्यावर येते. ती फाइलच नसेल तर मदरबोर्डवर की नाही.

ऑफिसची की हवी असणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. ऑफिस २०१३ पासून मशीनवर कीची फक्त शेवटची पाच अक्षरं राहतात, पूर्ण की कुठलंच टूल देऊ शकत नाही. तसा दावा करणारं टूल विकत घेऊ नका.

विंडोज ७ चं स्टिकर आणि चुकीची की

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला निरोप दिला, तरी डीटीपीची जुनी सॉफ्टवेअर, लेथचे कंट्रोलर, लॅबमधली यंत्रं त्याच्यावर अजून चालतात, आणि तिथेच डिस्क हरवल्यावर कामं ठप्प होतात.

ब्रँडेड मशीनवर की वाचणारं टूल जी की दाखवतं ती एसएलपी की असते. त्या कंपनीच्या त्या आवृत्तीच्या हजारो मशीनवर एकच. ती चालते ती बायॉसमधल्या एसएलआयसी तक्त्याशी आणि कंपनीच्या सर्टिफिकेट फाइलशी जुळल्यावर, इंटरनेटवरून नाही. साध्या डिस्कवरून विंडोज ७ टाकून ही की दिली तर ॲक्टिव्हेशन नाकारलं जातं आणि माणूस समजतो की लायसन्स गेलं. गेलेलं नसतं. तुमची की स्टिकरवर आहे, टूलमध्ये नाही. डेस्कटॉपच्या पेटीच्या बाजूला किंवा वर, लॅपटॉपच्या तळाला, आणि तिथे नसेल तर बॅटरी काढून तिच्या खोबणीत पाहा.

स्टिकर पुसट झालं असेल तर हे लक्षात ठेवा. विंडोज ७ पर्यंतच्या कीमध्ये फक्त चोवीस चिन्हं वापरली आहेत. ए, ई, आय, ओ, यू हे स्वर नाहीत. एल, एन, एस आणि झेड नाहीत. आकड्यांपैकी शून्य, एक आणि पाच नाहीत. म्हणजे गोल दिसणारं अक्षर ओ किंवा शून्य नसून क्यू, डी किंवा जी आहे. एस किंवा पाच वाटणारं चिन्ह ६, ८ किंवा बी असण्याची शक्यता जास्त. झेड वाटला तर तो २ आहे. एन वाटला तर एम किंवा एच. बी आणि ८, जी आणि ६, व्ही आणि वाय या जोड्या मात्र खरोखरच फसव्या आहेत. त्या आलटून पालटून पाहाव्या लागतात. मोबाइलने तिरप्या उजेडात फोटो काढून त्याचा कॉन्ट्रास्ट वाढवला की नुसत्या डोळ्यांना न दिसणारी छपाई पुष्कळदा दिसते. स्टिकरवर स्पिरिट किंवा थिनर लावू नका, उरलेली शाईही निघते. (विंडोज ८ पासून एन हे अक्षर कीमध्ये आलं, त्यामुळे नव्या कीला हा नियम जसाच्या तसा लावू नका.)

विंडोज ७ ची डिस्क मिळवणं ही यातली सगळ्यात कमकुवत बाजू. मायक्रोसॉफ्टचं ७ चं डाउनलोड पान आता नाही, आणि होतं तेव्हाही ते फक्त रिटेल की स्वीकारायचं, लॅपटॉपच्या स्टिकरवरची ओईएम की टाकली की लॅपटॉपच्या कंपनीकडे जा म्हणायचं. ज्यांच्याकडे मशीन आहे त्यातले बहुतेक ओईएमवाले, त्यामुळे ती सोय असून नसल्यासारखी होती. मायक्रोसॉफ्टवर याबद्दल राग येणं रास्त आहे.

म्हणून आधी रिकव्हरी पार्टिशन शाबूत आहे का ते बघा: सुरू करताना एचपीला एफ११, एसरला ऑल्ट आणि एफ१०, असूसला एफ९. या पार्टिशनवरून टाकलेलं विंडोज एसएलपीने आपोआप ॲक्टिव्हेट होतं, की विचारतच नाही. पण ते चालवण्याआधी सगळा डेटा बाहेर काढा, मशीन कारखान्यातून आलं तसं होतं. शिवाय विंडोज ७ च्या मूळ सेटअपमध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत. निळ्या पोर्टमध्ये लावलेला पेनड्राइव्ह सुरुवातीला चालतो आणि मध्येच सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर हवा असं सेटअप म्हणतो. डीव्हीडीचा त्यात काही संबंध नाही, पेनड्राइव्ह काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या पोर्टमध्ये लावा.

मीडिया क्रिएशन टूल: चांगलं, पण लहरी

विंडोज १० आणि ११ साठी मायक्रोसॉफ्टने फार चांगली व्यवस्था ठेवली आहे. डाउनलोड पानावर की विचारत नाहीत, अकाउंट विचारत नाहीत. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह हवा, आणि रिकामा नसला तरी टूल त्याला रिकामा करून टाकतं, तेव्हा आधी बघून घ्या. भाषा निवडताना आपल्याकडच्या लॅपटॉपवर बहुधा इंग्लिश युनायटेड स्टेट्स किंवा इंग्लिश इंटरनॅशनल असतं. जे आधी होतं तेच निवडलं तर पुढे फाइल्स तशाच ठेवून दुरुस्ती करता येते, वेगळी भाषा निवडली तर तो पर्याय करडा होतो. विंडोज १० च्या टूलमध्ये ‘हाच पीसी आता अपग्रेड करा’ हा पर्याय वर असतो. डिस्क बनवायची असेल तर दुसरा, इन्स्टॉलेशन मीडियाचा निवडा.

६४ किंवा १२८ जीबीचा पेनड्राइव्ह लावला की काम झाल्यावर तो ३२ जीबीचाच दिसतो. खराब झालेला नाही. टूल एफएटी३२ पद्धतीने ३२ जीबीचाच भाग करतं, बाकी जागा तशीच सोडतं. नंतर डिस्क मॅनेजमेंटमधून ते सगळे भाग काढून एकच केला की पूर्ण जागा परत येते.

तक्रारी दोन. टूल वाटेत बंद पडलं, वीज गेली किंवा वायफाय तुटलं, तर बहुधा पहिल्यापासून सुरुवात. रोज दीड-दोन जीबीची मर्यादा असलेल्या मोबाइल डेटावर तर हे टूल वापरूच नये. दुसरी तक्रार चुकांच्या आकड्यांची. शेवटी ए००१ए असलेला आकडा पेनड्राइव्हच्या फॉरमॅटिंगचा आहे: दुसरं पोर्ट, दुसरा पेनड्राइव्ह, आणि टूलची फाइल त्याच पेनड्राइव्हवर ठेवून चालवत नाही ना ते पाहा. विंडोज ७ वर हे टूल चालवताना ७२एफ८एफ आकडा आला, तर टीएलएस १.२ (साइटशी सुरक्षित जोडणी करायची पद्धत) बंद आहे. त्यात वेळ घालवण्यापेक्षा दुसऱ्या कुणाच्या नव्या मशीनवर पेनड्राइव्ह बनवून आणा. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस आलेलं विंडोज ११ चं टूल विंडोज १० वर उघडताच काही न सांगता बंद होत होतं, आणि ते नेमकं विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपायच्या आधीचे दिवस. पुढे ते दुरुस्त झालं, पण ज्यांना तेव्हाच गरज होती त्यांचे हाल झाले.

थेट आयएसओ आणि रूफस

म्हणून जमेल तिथे थेट आयएसओच घ्या. विंडोज ११ च्या पानावर ती सगळ्यांना मिळते. विंडोज १० चं पान विंडोज मशीनवरून उघडलं तर फक्त टूल दाखवतं, तेच पान मोबाइलवरून किंवा मॅकवरून उघडा, आयएसओची यादी येते. ब्राउझरमध्ये मोबाइलची नक्कल करायची सोय असते, तीही चालते. लिंक २४ तास जिवंत राहते, तेवढ्यात डाउनलोड मॅनेजरने तुकड्या-तुकड्यांनी फाइल उतरवता येते. व्हीपीएन चालू असेल तर पान ७१५-१२३१३० असा आकडा दाखवून नकार देतं, व्हीपीएन बंद करा.

फाइल उतरली की तिचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली खुणेची ओळ, तपासा. सर्टयूटिल, वजा हॅशफाइल, फाइलचं नाव, एसएचए२५६, ही कमांड जे उत्तर देते ते मायक्रोसॉफ्टच्या पानावरच्या ओळीशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. इतरत्र मिळालेल्या, ‘ॲक्टिव्हेटेड’ किंवा ‘लाइट’ म्हणून वाटल्या जाणाऱ्या आयएसओ या परीक्षेत नापास होतात आणि तेवढ्यावरच त्या टाकून द्याव्यात. आणि कोरी डीव्हीडी आणायला जाऊ नका: विंडोज ११ ची आयएसओ ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीवर मावत नाही.

आयएसओ पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. त्यातली इन्स्टॉल.विम ही एकच फाइल ४ जीबीहून मोठी असते आणि एफएटी३२ ला तेवढी मोठी फाइल ठेवता येत नाही. रूफस इथे लागतं. ते पेनड्राइव्ह एनटीएफएस करतं आणि यूईएफआयला (नव्या मशीनमधल्या बायॉसच्या वारसदाराला) तो वाचता यावा म्हणून एक छोटा वेगळा भाग जोडतं. निवडायच्या गोष्टी दोनच, डिस्कच्या विभागणीची पद्धत आणि मशीन सुरू करायची पद्धत: २०१२ नंतरच्या बहुतेक मशीनला जीपीटी आणि यूईएफआय, त्याआधीच्या मशीनला एमबीआर आणि बायॉस. चुकीचं निवडलं तर बूट मेन्यूत पेनड्राइव्ह दिसतच नाही. रूफस जलद आहे, मुक्त स्रोत आहे, पीट बटार्ड गेली कित्येक वर्षं ते निष्ठेने सांभाळत आहेत, आणि या सगळ्या टूल्समध्ये विश्वास ठेवावा असं तेच एक वाटतं. टीपीएम २ (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नसलेल्या जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकायची सोयही त्यात आहे. मात्र पॉपकाउंट ही प्रोसेसरमधली सूचना ज्यात नाही अशा फार जुन्या मशीनवर विंडोज ११ ची २४एच२ आणि पुढची आवृत्ती सुरूच होत नाही, त्यावर कुठलाच उपाय नाही.

बूट मेन्यूसाठी डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, असूस लॅपटॉपला एस्केप. एसरला एफ१२, पण तो आधी बायॉसमध्ये जाऊन चालू करावा लागतो.

सेटअप कुठे अडतो

की विचारल्यावर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा. ज्या मशीनवर आधी विंडोज ॲक्टिव्हेट होतं तिथे नेट जोडताच ते आपोआप होतं. अट एकच, आवृत्ती तीच हवी: लायसन्स होम सिंगल लँग्वेजचं आणि टाकलं प्रो, तर ॲक्टिव्हेट होणार नाही.

उलट अडचण प्रो विकत घेतलेल्यांची. बायॉसमध्ये होमची की असल्यामुळे सेटअप न विचारताच होम टाकतो. यासाठी पेनड्राइव्हच्या सोर्सेस फोल्डरमध्ये ईआय.सीएफजी नावाची फाइल करायची. तिच्यात चौकोनी कंसात एडिशनआयडी, खाली रिकामी ओळ, मग कंसात चॅनेल, खाली रिटेल, मग कंसात व्हीएल, खाली शून्य. आता सेटअप आवृत्ती विचारतो. नोटपॅड तिच्या नावाला गुपचूप टीएक्सटी जोडतो. एक्स्प्लोररमध्ये फाइलची पूर्ण नावं दिसण्याचा पर्याय चालू करून हे बघून घ्या, नाहीतर फाइल असूनही काही फरक पडत नाही.

इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपवर डिस्क निवडायच्या पानावर यादी रिकामी येते. एसएसडी मेलेली नाही, व्हीएमडीचा (इंटेलच्या एसएसडी सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा) ड्रायव्हर सेटअपमध्ये नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा आयआरएसटी व्हीएमडी ड्रायव्हर घ्या, तो सोडवून आयएनएफ फाइल असलेला फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा आणि त्या पानावर लोड ड्रायव्हर दाबून तो दाखवा. बायॉसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा सल्लाही मिळतो. डिस्क पूर्ण साफ करणार असाल तर ठीक, पण आतलं विंडोज अजून हवं असेल तर करू नका, ते सुरूच होणार नाही. पुढे विंडोज ११ नेट मागतं आणि वायफायचा ड्रायव्हर नसतो, तेव्हा मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा.

एवढा खटाटोप नको असेल तर लॅपटॉप कंपनीचं टूल पाहा. डेलचं ओएस रिकव्हरी टूल सर्व्हिस टॅगवरून, लेनोवोचं सिरियल नंबरवरून, एचपीचं क्लाउड रिकव्हरी प्रॉडक्ट आयडीवरून त्याच मशीनची प्रत देतं, व्हीएमडी आणि वायफायच्या ड्रायव्हरसकट. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला की कुठेच अडत नाही. तोटे: चाचणीपुरते दिलेले अँटिव्हायरस परत येतात, डाउनलोड मोठं असतं आणि डी ड्राइव्हसकट सगळी डिस्क पुसली जाते. नवख्या माणसाला तरीही हाच रस्ता आधी सुचवावा.

स्वस्त की आणि बदललेला मदरबोर्ड

काही शे रुपयांना मिळणाऱ्या विंडोज प्रोच्या की घेऊ नका. त्या बहुधा कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम लायसन्समधल्या असतात किंवा भंगारात गेलेल्या मशीनच्या. आज ॲक्टिव्हेट होतात, पुढे बंद केल्या जातात, आणि शेवटी सी००८ असलेला आकडा आला तर ती की ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त मशीनवर वापरून झालेली असते. विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की देऊन १० किंवा ११ ॲक्टिव्हेट करायची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. त्याआधी ज्या मशीनचं डिजिटल लायसन्स नोंदलं गेलं ती मात्र आजही विनाकी ॲक्टिव्हेट होतात.

मदरबोर्ड बदलायची वेळ आली तर सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप देण्याआधी बायॉसमधली की शोकीप्लसने वाचून घ्या आणि लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडा. ओईएम लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने बोर्ड बदलला तर नव्या बोर्डवर की आणि सिरियल नंबर लिहून देणं त्यांचं काम आहे, आणि लॅपटॉप ताब्यात घेतानाच पॉवरशेलची ती कमांड तिथे चालवून बघा. उत्तर रिकामं आलं किंवा ॲक्टिव्हेशनच्या पानावर एफ२१३ ने संपणारा आकडा दिसला, तर बोर्ड कोरा आहे: काउंटर सोडू नका, त्यांच्याकडूनच की लिहून घ्या. बाहेरच्या दुकानात जुना बोर्ड टाकून घेतला असेल तर त्या बोर्डवर दुसऱ्याच मशीनची की असू शकते. मग ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट उघडून ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ हा पर्याय निवडायचा आणि यादीतून आपलं जुनं मशीन दाखवायचं. रिटेल लायसन्स असेल तर याने काम होतं. ओईएमच्या बाबतीत नकार मिळू शकतो, तेव्हा बोर्डाच्या खर्चात नव्या लायसन्सचा खर्च आधीच धरून मग दुरुस्ती करायची की नाही ते ठरवा.